खंडाने वाढणारी ओढ : प्रस्तावना

व्यसनाबद्दल गावोगाव एक ठोकताळा पक्का बसलेला आहे. सवय लागली की असर उतरतो आणि असर उतरला की माणूस मात्रा वाढवतो. सुरुवातीला दोन घोटांत चढणारी दारू पुढे क्वार्टरलाही दाद देत नाही. पहिल्यांदा तंबाखू लागून भोवळ आलेला पोरगा वर्षभरात दिवसाला दोन-तीन पुड्या संपवू लागतो. हा ठोकताळा खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग प्राण्यांवरच्या प्रयोगांत नव्वदहून अधिक वर्षे दिसत आला आहे. मेंदूतल्या डोपामिनवर काम करणारे काही पदार्थ मध्ये खंड ठेवून पुन्हा पुन्हा दिले, तर प्राण्याची प्रतिक्रिया उतरण्याऐवजी चढत जाते. मात्रा तीच, प्राणी तोच, तरी पाचव्या खेपेचा परिणाम पहिल्या खेपेपेक्षा मोठा. शास्त्रज्ञ याला वर्तनीय संवेदनीकरण म्हणतात आणि पुढील प्रकरणांचा विषय हाच आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटला तरी त्याचे धागे बीड जिल्ह्यातल्या फार ओळखीच्या गोष्टींपर्यंत पोचतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडला की परततात. ज्यांचे वर्ष असे गाव आणि फड यांत दुभंगलेले आहे, त्यांच्या व्यसनाचा विचार केवळ सरावण्याच्या अंगाने केला तर तो तोकडा पडतो. खंड, जागा आणि ताण यांनी ओढ कशी चढते, या अंगानेही तो व्हायला हवा, एवढेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

आधी प्रयोग नीट पाहू. पांढऱ्या उंदराला एका पेटीत सोडतात. पेटीच्या भिंतींतून न दिसणाऱ्या प्रकाशाच्या तिरिपा आडव्या गेलेल्या असतात आणि उंदीर फिरताना त्या किती वेळा तोडतो याची नोंद आपोआप होत राहते. ॲम्फेटॅमिन या उत्तेजक औषधाची छोटी मात्रा टोचली की पहिल्या दिवशी उंदीर नेहमीपेक्षा जास्त फिरतो, कोपरे हुंगतो, मागच्या पायांवर उभा राहतो. एक-दोन दिवसांआड तीच मात्रा टोचत गेले की फिरणे वाढत जाते. पुढे एक वेगळाच टप्पा येतो. उंदीर फिरणे सोडून एकाच जागी खिळतो, तीच फट हुंगत राहतो, डोके खालीवर करतो, जाळी चाटतो, कुरतडतो. आधी हे घडवायला मोठी मात्रा लागली असती, आता ते छोट्या मात्रेनेच घडते. खरे आश्चर्य यानंतरचे आहे. औषध बंद करून कित्येक आठवडे उंदराला निवांत ठेवले आणि मग एकदाच ती मात्रा दिली, तरी प्रतिक्रिया चढलेलीच सापडते. मिशिगन विद्यापीठात पॉलसन, कॅम्प आणि रॉबिन्सन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या कामात ॲम्फेटॅमिन थांबवून एक वर्ष लोटल्यावरही हा फरक टिकून होता. प्रयोगशाळेतला उंदीर जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो, म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा सरला तरी मेंदू ते विसरला नव्हता. कोकेनच्या बाबतीत कुत्रे आणि उंदीर यांच्यात अशी चढती प्रतिक्रिया डाउन्स आणि एडी यांनी १९३२ सालीच नोंदवली होती. पुढची चाळीसेक वर्षे तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, कारण सगळ्यांचे लक्ष अफू-मॉर्फिनच्या सरावण्याकडे होते.

या गोष्टीचा डोपामिनशी संबंध कसा जुळला, त्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा अभ्यास करून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. रेसर्पिन मेंदूच्या पेशींतले डोपामिनसारख्या रसायनांचे साठे रिकामे करते. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ते कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा हे डोपामिनचे पूर्वरूप टोचल्यावर ते थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. हालचालीसाठी डोपामिन लागते हे या सशांनी दाखवून दिले. त्या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बीडपासून फार लांब नसलेल्या सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातही याच प्रश्नाच्या एका अंगावर काम झाले. तिथल्या औषधशास्त्र विभागातल्या जे. जे. बलसारा, जे. एच. जाधव, ए. जी. चांदोरकर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली ‘सायकोफार्मॅकॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेथॲम्फेटॅमिनने उंदीर ज्या एकसारख्या हालचाली करू लागतो, त्या सेरोटोनिन यंत्रणेवर काम करणाऱ्या औषधांनी कशा कमी-जास्त होतात, हा त्यांचा प्रश्न होता. जिल्ह्याच्या गावी उभ्या राहिलेल्या या कामाची आठवण अशासाठी की, डोपामिनचे विज्ञान म्हणजे परदेशातून आलेली बातमी, अशी समजूत इथल्या वाचकाने करून घेऊ नये.

मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, व्हीटीए नावाचा पेशींचा एक लहान पुंजका आहे. तिथून निघालेले तंतू न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागात जाऊन डोपामिन सोडतात. दि कियारा आणि इम्पेरातो या इटालियन संशोधकांनी १९८८ साली दाखवले की ॲम्फेटॅमिन, कोकेन, मॉर्फिन, दारू आणि निकोटिन हे एरवी अगदी वेगळ्या जातीचे पदार्थ उंदराच्या अक्युम्बन्समध्ये डोपामिन वाढवतात. संवेदनीकरणाच्या बाबतीत या दोन भागांची कामे वाटलेली आहेत. ॲम्फेटॅमिन फक्त अक्युम्बन्समध्ये सोडले तर उंदीर त्या वेळी धावतो, पण पुढच्या खेपांसाठी काही साचत नाही. तेच व्हीटीएमध्ये सोडले तर त्या वेळी विशेष काही दिसत नाही, मात्र नंतर दिलेल्या साध्या मात्रेला उंदीर चढता प्रतिसाद देतो. बदल पेरला जातो एका वाफ्यात आणि उगवतो दुसऱ्याच वाफ्यात. या पेरणीला ग्लुटामेट हे दुसरे रसायन लागते. ते पेशीवर झेलणारा एनएमडीए नावाचा ग्राहक औषधाने बंद ठेवला तर संवेदनीकरण बसतच नाही. शिकणे आणि लक्षात ठेवणे यांनाही हाच ग्राहक लागतो. कोकेनच्या एकाच इंजेक्शनानंतर व्हीटीएतल्या डोपामिन पेशींवरचे ग्लुटामेटचे जोड बळकट होतात आणि ते बळ निदान पाच दिवस टिकते, असे २००१ साली दिसून आले. त्याआधी १९९७ साली रॉबिन्सन आणि कोल्ब यांना ॲम्फेटॅमिन दिलेल्या उंदरांच्या अक्युम्बन्समधल्या पेशींच्या फांद्यांवर जास्त काटे फुटलेले दिसले होते. थोडक्यात, मेंदूने पदार्थाबद्दल काहीतरी शिकून ठेवलेले असते आणि ते शिकणे त्याच्या बांधणीत उतरलेले असते.

शिकणे म्हटले की खंड आणि जागा यांचे महत्त्व ओघाने येते. कोकेन रोज एकदा टोचले तर प्रतिक्रिया चढते, पण तेच कातडीखाली बसवलेल्या पंपातून दिवसरात्र अखंड सोडत राहिले तर ती उतरते. म्हणजे एकाच पदार्थाने सरावणेही घडते आणि संवेदनीकरणही घडते, आणि यांतले काय घडेल हे बरेचसे देण्याच्या लयीवर ठरते. जागेची गोष्ट याहून बोलकी आहे. ॲनाग्नोस्टारस आणि रॉबिन्सन यांच्या १९९६ सालच्या प्रयोगात उंदरांना ॲम्फेटॅमिन एका ठरावीक जागीच दिले जात होते. नंतर त्याच जागी मात्रा दिली तेव्हा प्रतिक्रिया चढलेली दिसली. तेवढीच औषधे पचवलेल्या उंदरांना वेगळ्या जागी मात्रा दिली तेव्हा मात्र हा चढ दिसला नाही. शरीरात बदल होऊनही तो बाहेर पडायला ओळखीची जागा लागली. नव्या, अनोळखी ठिकाणी औषध दिले तर राहत्या पिंजऱ्यात दिल्यापेक्षा संवेदनीकरण जास्त जोमाने बसते, हेही त्याच गटाने दाखवले आहे. ही सगळी निरीक्षणे एकत्र ठेवली की हंगामी मजुराचे वर्ष नव्या उजेडात दिसू लागते. सहा महिने एका मुलुखात, सहा महिने दुसऱ्यात, एकीकडे पदार्थ सहज हाताशी आणि दुसरीकडे कमी. मुद्दाम आखला असता तरी संवेदनीकरणाला याहून सोयीचा दिनक्रम सापडला नसता.

इथे कोणी म्हणेल की फडावर कोकेन आहे कुठे? कोकेन नाही, पण तंबाखू आहे, मावा आहे, बायकांच्या दातांवर मिश्री आहे आणि दारू आहे. २०१६-१७ सालच्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यांतल्या बहुतेकांची तंबाखू धूर न निघणारी होती. गुटख्यावर राज्यात २०१२ सालापासून बंदी आहे, तरी पुडी मिळायची थांबलेली नाही. निकोटिनची उंदरांतली कथा तर आपल्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. १९८३ साली क्लार्क आणि कुमार यांनी दाखवले की निकोटिनची पहिली मात्रा मिळालेला उंदीर धावत नाही. तो मलूल होतो, लडखडतो. रोज मात्रा देत गेले की काही दिवसांत हा मलूलपणा जातो आणि त्याच मात्रेने उंदीर उत्साहाने फिरू लागतो. तंबाखू ‘लागणे’ बंद होणे याला आपण सरावणे म्हणतो. प्रत्यक्षात तिथे दोन गोष्टी एकत्र घडतात. त्रास देणाऱ्या परिणामाला शरीर सरावते आणि चालना देणारा परिणाम चढतो. पहिली बाजू डोळ्यांना दिसते, दुसरी दिसत नाही, आणि ठोकताळा अर्धा राहिला तो याच कारणाने. दारूची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. लहान जातीच्या उंदरांत, विशेषतः डीबीए या वाणात, दारूचे संवेदनीकरण ठळक दिसते, तर दुसऱ्या एका प्रसिद्ध वाणात ते फिके असते. नागपूर आणि कामठी इथल्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांतही दारू आणि निकोटिन यांचे परिणाम उंदरांवर तपासले गेले आहेत. राज्यात अलीकडे चिंतेचा विषय झालेले मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, तर ॲम्फेटॅमिनचेच भावंड आहे. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा प्रचंड साठा सापडला. बीडच्या तरुणांचे पुण्याशी शिक्षणाचे आणि नोकरीचे नाते पाहता हा पदार्थ या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही.

तिसरा घटक ताणाचा. अँटेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८० साली ‘सायन्स’मध्ये लिहिलेल्या निबंधाचा निष्कर्ष चकित करणारा होता. ताण आणि ॲम्फेटॅमिन एकमेकांची जागा घेऊ शकतात. ज्या उंदराने आधी वारंवार ताण सोसला आहे, तो ॲम्फेटॅमिनच्या पहिल्याच मात्रेला असा वागतो, जणू ती त्याला आधीही मिळालेली होती. भुकेचा परिणाम याहून विचार करायला लावणारा आहे. सिमोना काबिब आणि सहकाऱ्यांनी २००० साली ज्या दोन वाणांच्या उंदरांचा ॲम्फेटॅमिनला मिळणारा प्रतिसाद जन्मतः वेगळा असतो, त्यांनाच काही दिवस अपुरे अन्न दिले. त्या दोन वाणांमधला फरक नाहीसा झाला, काही मोजमापांत तो उलटलाही. म्हणजे ‘याच्या रक्तातच आहे’ असे ज्याच्याबद्दल म्हणता आले असते, ते थोड्या दिवसांच्या उपासमारीने बदलून गेले. ऊसतोडीत पहाटे तीन-चारला उठून फडात उतरणे, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे, कोपीत निजणे, घेतलेली उचल फिटेपर्यंत मुकादमाशी बांधलेले असणे आणि आजारपणात खाडा पडला तर त्याचा भुर्दंड सोसणे हे सगळे ओळीने येते. भूक मारायला आणि थकवा लांबवायला तंबाखूचा बार भरला जातो, हे कारण मजूर स्वतःच सांगतात. उंदरांवरचे प्रयोग त्यात एवढीच भर घालतात की ताण आणि भूक ही तंबाखू घेण्याची निमित्ते तर आहेतच, शिवाय ती मेंदूला तंबाखूसाठी आधीच तयार करून ठेवतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की उंदराचे धावणे म्हणजे व्यसन नव्हे. हे खरे आहे आणि कुठल्याही जबाबदार संशोधकाने ते व्यसन आहे असे म्हटलेले नाही. धावणे हे मोजायला सोपे बाह्य चिन्ह आहे. त्यामागे काय बदलते, हे शोधायला दुसरे प्रयोग लागतात आणि ते झालेले आहेत. वेझिना आणि सहकाऱ्यांनी २००२ साली आधी ॲम्फेटॅमिनने संवेदनीकृत केलेल्या उंदरांना ते औषध मिळवण्यासाठी कळ दाबायला लावले. प्रत्येक मात्रेगणिक जास्त वेळा कळ दाबावी लागेल अशी अट वाढवत नेली. संवेदनीकृत उंदीर इतरांपेक्षा जास्त वेळ चिकटून राहिले. धावणे आणि हवेसे वाटणे यांचा संबंध इथे उघड होतो. क्विनपिरोल या डोपामिनच्या ग्राहकांना थेट चेतवणाऱ्या औषधाचा प्रयोग तर पाहण्यासारखा आहे. हेन्री झेक्टमन यांच्या कॅनडातल्या गटाने उंदरांना आठवड्यातून दोनदा हे औषध टोचले आणि दर वेळी १६० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या काचेच्या मोठ्या टेबलावर सोडले. टेबलावर चार छोट्या पेट्या ठेवलेल्या होत्या. सुमारे पाच आठवड्यांनी उंदीर सगळीकडे फिरेनासे झाले. ते दोनच ठिकाणे निवडत, तिथे पुन्हा पुन्हा परतत आणि दर वेळी तेच विधी करीत. कुलूप लावले की नाही हे दहादा तपासणाऱ्या माणसाचे वर्तन समजून घ्यायला १९९८ साली मांडलेला हा नमुना आजही वापरला जातो. संवेदनीकरणाने नुसता वेग वाढत नाही. वर्तन आकसते आणि एका खुंट्याभोवती फिरू लागते. व्यसनी माणसाच्या घरच्यांनी जे पाहिलेले असते, ते धावण्यापेक्षा या आकसण्याच्या जास्त जवळचे आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. डोपामिन वाढते म्हणजे आनंद वाढतो असे धरले, तर संवेदनीकरणाने व्यसनी माणसाला उत्तरोत्तर जास्त मजा यायला हवी. प्रत्यक्षात जुना दारुडा सांगतो की आता मजा राहिली नाही, तरी सुटत नाही. या विसंगतीचे उत्तर टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ साली दिले. आवडणे आणि ओढ लागणे या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि डोपामिनचे नाते मुख्यतः ओढीशी आहे, असे त्यांचे म्हणणे. याला आधार असा की ज्या उंदरांचे डोपामिन जवळजवळ पूर्ण संपवले होते, ते स्वतःहून अन्नाकडे वळत नसत, पण तोंडात साखरेचे पाणी सोडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आवडल्याची तीच चिन्हे उमटत. संवेदनीकरणाने चढते ती ओढ, मजा नव्हे. म्हणून मजा सरावून उतरत असताना ओढ चढत राहणे शक्य आहे, आणि ठोकताळ्याचे दोन्ही अर्धे एकाच माणसात नांदू शकतात. यावर तज्ज्ञ आणखी एक शंका काढतात. नोरा वोल्को यांच्या गटाने १९९७ साली कोकेन सोडलेल्या व्यसनींच्या मेंदूत डोपामिनचा प्रतिसाद चढलेला असण्याऐवजी उतरलेला पाहिला. तो पुरावा दुर्लक्षून चालणार नाही. पण तो अखंड आणि अतोनात सेवन केलेल्यांचा होता आणि तपासणी दवाखान्याच्या खोलीत, ओळखीच्या खुणांपासून दूर झाली होती. लय आणि जागा या दोन्ही गोष्टी संवेदनीकरण ठरवतात हे वर आलेच आहे. उलट बाजूला, मॉन्ट्रियलमध्ये निरोगी पुरुषांना ॲम्फेटॅमिनच्या तीन मात्रा खंड ठेवून दिल्यावर दोन आठवड्यांनी डोपामिनचा प्रतिसाद पहिल्यापेक्षा मोठा झाला आणि वर्षभरानंतरही तो तसाच होता, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनी पार्किन्सनच्या अशा काही रुग्णांचा अभ्यास मांडला, जे एल-डोपा, म्हणजे डोपामिनचे वर आलेले पूर्वरूप, गरजेपेक्षा जास्त, हावरेपणाने घेऊ लागले होते. त्यांच्या मेंदूत त्या औषधाने सुटणारे डोपामिन इतर रुग्णांपेक्षा जास्त होते आणि ते हव्याशा वाटण्याशी जुळत होते, आवडण्याशी जुळत नव्हते. मुंबईत १९७८ साली अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनसाठी ज्या खाजकुइलीच्या बियांची पूड वापरली, त्या बियांतही एल-डोपाच असते. झाडपाल्याचे म्हणून ते हवे तेवढे घ्यावे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उचल, मुकादमी, दुष्काळ आणि कोरडवाहू शेती यांतून आलेल्या दुःखाला डोपामिनचे नाव दिले की प्रश्न माणसाच्या कवटीत बंद होतो आणि व्यवस्था सुटते, असे ते म्हणतात. पुरावा नीट वाचला तर उलटे दिसते. संवेदनीकरण मेंदूत घडत असले तरी त्याच्या अटी बाहेर आहेत. लय, जागा, भूक आणि ताण यांपैकी एकही गोष्ट मजूर स्वतः ठरवत नाही. वाणांमधला जन्मजात फरक उपासमारीने पुसला जातो हे दाखवणारा प्रयोग वेतन आणि अन्नाच्या मागणीला विज्ञानाचा आधार देतो, तिला मागे सारत नाही. याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी की मेंदूला कारण ठरवले तर व्यसनी माणूस जबाबदारीतून सुटतो. पण ओढ कधी आणि कुठे उसळणार हे आधी कळणे म्हणजे तिच्याशी झगडायची तयारी आधी करता येणे. तयारीची अपेक्षा ठेवणे आणि चारित्र्याला बोल लावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चौथी शंका तर्कटी वाटेल, पण ती विचारली जाते. खंडाने ओढ चढत असेल तर सोडण्यापेक्षा रोज घेतलेली बरी का? नाही. चढलेली ओढ पुन्हा घेतल्यावर आपले बळ दाखवते, न घेतलेल्या काळात ती कॅन्सर करत नाही आणि यकृतही सडवत नाही. रोजच्या सेवनाची किंमत शरीर वेगळ्या खात्यातून चुकवतच असते. खंडाबद्दलचा इशारा पुन्हा सुरुवात करण्याविरुद्ध आहे.

या सगळ्यातून बीड जिल्ह्यासाठी काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात आणि पुढील प्रकरणे वाचताना ते मनात असावेत. पहिला असा की ‘मी फक्त हंगामात घेतो’ या वाक्याने समाधान मानू नये. हंगामी सेवन ही सौम्य सवय नाही. तीत मध्ये खंड असतो आणि दर वेळी तीच जागा, तोच ताण परत येतो. दुसरा, उन्हाळ्यात गावी आल्यावर कोणी पुडी सोडली तर ती सुटली असे मानून पाठ फिरवू नये. प्रयोगांनी सांगितलेला धोक्याचा काळ दसऱ्यानंतर सुरू होतो, जेव्हा हातात उचल असते आणि फड समोर असतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयापासून गावातल्या आशा सेविकेपर्यंत ज्यांचा या माणसांशी संबंध येतो, त्यांनी आपला जोर वर्षभर सारखा वाटण्यापेक्षा निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यावर आणि फडावरच्या पहिल्या आठवड्यांवर द्यावा. सल्ला गावात आणि पदार्थ फडात, अशी फारकत राहिली तर गावात शिकलेला संयम फडात उपयोगी पडणे कठीण, कारण चढलेली प्रतिक्रिया जागेने जागी होते. म्हणून समुपदेशन फडापर्यंत पोचणे ही सोयीची नव्हे, शास्त्राची गरज आहे. तिसरा निष्कर्ष मुलांचा. आई-बापांसोबत फडावर न जाता गावीच राहता यावे म्हणून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांकडे आपण शिक्षणाची सोय म्हणून पाहतो. ताण, भूक आणि तंबाखू यांची पहिली गाठ लहान वयात पडू नये, एवढ्या एकाच कारणासाठीही ती चालली पाहिजेत. यांतला प्रत्येक निष्कर्ष उंदरांपासून माणसांपर्यंत नेलेला तर्क आहे आणि तो तपासूनच वापरायचा आहे. पण सध्या चालू असलेली व्यवस्थाही एका तर्कावरच उभी आहे. काही महिने सुटले म्हणजे सुटले, हा तो तर्क. उंदीर आणि कुत्रे यांनी दिलेला पुरावा त्याच्या विरुद्ध जातो, आणि दोन तर्कांपैकी ज्याच्या मागे पुरावा आहे, त्याच्यावर आधी पैसा आणि माणसे लावावीत, एवढी अपेक्षा रास्त आहे.